कॅथलिक श्रद्धेविषयी विश्वासार्ह माहिती कुठे मिळेल?

व्हिडिओंपासून सुरुवात करू नका, ही माझी कळकळीची विनंती. आधी चर्चचा अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथ (Catechism of the Catholic Church) उघडा. पोप जॉन पॉल दुसरे यांनी तो 1992 मध्ये जाहीर केला. श्रद्धा, साक्रामेंत (बाप्तिस्म्यासारखे पवित्र विधी), आज्ञा आणि प्रार्थना असे त्याचे चार भाग, एकूण 2865 क्रमांकित परिच्छेद. व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर तो इंग्रजीत फुकट वाचता येतो. जड वाटला तर 2005 चा प्रश्नोत्तररूपी संक्षेप घ्या. नवख्याला मी तोच देईन.

मराठीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ फार सुंदर आहे. इतर पुस्तकांत सुरुवातीच्या पानांवर बिशपांची छपाईची परवानगी आहे का, ते बघा. आणि अडलं की जवळच्या चर्चमधल्या फादरना नि:संकोच विचारा, तुम्ही ख्रिस्ती नसलात तरी.