खेळू द्या की त्यांना! : पालकांचे प्रश्न, बालरोगतज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : मुलगा चौथीत आहे. शाळा, शिकवणी, अबॅकस... खेळायला सलग तासभर मिळतच नाही. (एक आई, जुळे सोलापूर)

सलग हवाच असं कुठंय? ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं, दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मधल्या सुट्टीतली पकडापकडी, शाळेपर्यंतची सायकल, संध्याकाळची लंगडी, सगळं त्यात धरा. अबॅकस वर्षभर थांबलं तर काही बिघडत नाही, हे माझं मत. शिवाय उघड्यावर खेळणाऱ्या मुलांना दूरचं न दिसण्याचा चष्मा लागण्याची शक्यता कमी होते.

प्रश्न : मुलगी १३ वर्षांची, खो-खो खेळते. पाळी आल्यापासून आजी म्हणतात, आता पुरे. उड्या मारून उंची खुंटते का? (एक वडील, भवानी पेठ)

खेळानं उंची खुंटत नाही. उलट हाडं भरायचं हेच वय. खो-खोत आठ जणी एकाआड एक उलट तोंडं करून बसतात. खो मिळाला की ताडकन उठायचं, सुसाट धावायचं, खांबाला वळसा घालायचा. अशा धक्क्यांचा ताण जिथं पडतो तिथलं हाड मजबूत होतं. ही पुंजी विशी-पंचविशीपर्यंतच जमते, पुढं ती फक्त राखायची. पाळीत खेळायला हरकत नाही. हलक्या व्यायामानं अनेकींचं पोटदुखणंही कमी होतं. फारच दुखलं तर त्या दिवशी सुट्टी. रक्तस्राव जास्त असेल, तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. आणि एक विचारते : मैदानाजवळ स्वच्छतागृह आहे ना? पुष्कळ मुलींचा खेळ आजीमुळे नाही, त्याच्यापायी सुटतो.

प्रश्न : मे महिन्यात बाहेर सोडायचं कसं? (होटगी रोड)

सोलापूरचा पारा तेव्हा चाळिशीपार असतो, त्यामुळे सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावरच. तहान लागायची वाट न बघता पाणी द्या. डोकं दुखलं, मळमळलं तर खेळ बंद, सावलीत बसवून ओल्या टॉवेलनं अंग पुसा. टॉवेलला आपल्याकडे काय तोटा! मूल असंबद्ध बोलू लागलं तर मात्र अंग गार करत थेट दवाखाना गाठा.

प्रश्न : मुलाला दमा आहे. खेळ बंद करू? (अक्कलकोट रोड)

नको. दमा आटोक्यात असेल तर तो सगळं खेळू शकतो. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर खेळाआधी पंप, आणि तो खिशातही हवा. फक्त यंत्रमागाच्या धुळीजवळ खेळू देऊ नका.