सायकलवाला सिग्नल तोडतो, मग पावती माझीच का?

प्रश्न : रोज कारने ऑफिसला जातो. लाल सिग्नलला मी निमूट उभा आणि शेजारून सायकलवाले खुशाल निघून जातात, ट्रॅफिक पोलीस नुसता बघत असतो. माझा स्पीड जरा वाढला की दंड लगेच घरी. कायदा सगळ्यांना सारखा ना? मग यांना लायसन, नंबरप्लेट का नको?

उत्तर : कायदा सारखाच आहे हो. 1968 च्या व्हिएन्ना रस्ते-वाहतूक करारातसुद्धा सायकल हे वाहनच धरलंय, त्यामुळे लाल म्हणजे लाल, आणि झेब्रा क्रॉसिंगवर म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर सायकल घालणाऱ्याला दंड झालाच पाहिजे, त्यात मी सायकलवाल्यांची बाजू घेणार नाही. पण पोलीस मोजकेच असतात, ते कुठे उभे करायचे हा खरा प्रश्न आहे. 20 च्या स्पीडने जाणारा सायकलस्वार आणि 50 ने जाणारी दीड टनाची कार, यांच्या धडकेच्या ऊर्जेत साधारण शंभरपट फरक पडतो.

आणि तो "जरा" वाढलेला स्पीड म्हणताय ना, त्याचंही गणित बघा. समोर अचानक मूल आलं, ब्रेकवर पाय जायला एक सेकंद लागला असं धरा. कोरड्या रस्त्यावर 30 ने जाणारी गाडी साधारण 13 मीटरमध्ये उभी राहते. 50 ने जाणाऱ्याचा तेवढ्या अंतरात ब्रेकच लागलेला नसतो, तो पूर्ण 50 नेच धडकतो! म्हणून कॅमेरा तुमच्यावर, आकस वगैरे काही नाही.

लायसनचं म्हणाल तर शाळकरी पोरांनाही लायसन काढायला लावायचं का? उलट अमेरिकेत आयडाहो राज्याने 1982 मध्येच सायकलवाल्यांना मुभा दिली, की 'स्टॉप'च्या पाटीशी वेग कमी करा, कोणी येत नसेल तर न थांबता पुढे जा. हा नियम मला पटतो, पण जिथे तो नाही तिथे थांबायचंच.

प्रश्न : मी सायकल अगदी कडेला चिकटून चालवते तरी गाड्या कोपराला घासून जातात, जरा आत आलं की मागून हॉर्न. नक्की कुठून चालवायची?

उत्तर : चिकटून चालवू नका ताई. कडेला खड्डे, काचा, गटाराची झाकणं, आणि शेजारी गाड्या पार्क असतील तर कोणाचं दार कधी उघडेल सांगता येत नाही. उभ्या गाडीपासून निदान एक मीटर लांब राहा. रस्ता अरुंद असेल, तिथे ओव्हरटेकला जागाच नसेल तर सरळ लेनच्या मध्ये या, हॉर्न वाजू दे, हॉर्न वाजवणाऱ्याने तुम्हाला बघितलेलं तरी असतं. फक्त वळणाऱ्या ट्रकच्या आतल्या बाजूला कध्धीच घुसू नका, सिग्नलला तो उभा असला तरी नाही, कारण ड्रायव्हरला तिथलं दिसतच नाही.

बाकी घासून जाणाऱ्यांना धरता येतं. जर्मनीत 2020 पासून सायकलला ओव्हरटेक करताना शहरात दीड मीटर आणि शहराबाहेर दोन मीटर अंतर सक्तीचं आहे. इंग्लंडमध्ये वेस्ट मिडलँड्सच्या पोलिसांनी तर 2016 मध्ये साध्या कपड्यातला पोलीसच सायकलवर बसवला, त्याला कोणी घासून गेलं की पुढे उभे असलेले सहकारी गाडी अडवायचे आणि रस्त्याकडेला चटई अंथरून किती अंतर सोडायचं ते प्रत्यक्ष दाखवायचे. मला ही आयडिया जाम आवडली.

प्रश्न : दंड पाचपट करा, बघा कसे सरळ होतात!

उत्तर : पकडलेच जाणार नाही अशी खात्री असेल तर दंड पाचपट काय आणि पन्नासपट काय. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये 1982 च्या डिसेंबरपासून संशय असो वा नसो, कोणालाही थांबवून दारूची तपासणी सुरू झाली आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले, कारण आज आपला नंबर लागू शकतो हे प्रत्येकाला माहीत होतं. स्पीडचंही तेच, एका जागचा कॅमेरा लोकांना पाठ होतो, तिथे ब्रेक मारतात आणि पुढे परत सुसाट. त्यापेक्षा दोन ठिकाणी कॅमेरे लावून मधल्या अंतराचा सरासरी स्पीड काढा, मग एका जागी ब्रेक मारून काही उपयोग नाही.