पाणी उतरलेली सुरी

प्रश्न : सासूबाईंची लोखंडी सुरी पंचवीस वर्षं छान चालली. मध्यंतरी मोटरसायकलवर मशीन बांधून फिरणाऱ्या धारवाल्याकडून धार लावून घेतली. त्या दिवशी टोमॅटो नुसती सुरी टेकवताच कापला, चार दिवसांत पुन्हा बोथट. परत लावली, परत तेच. तो म्हणतो, लोखंडच संपलंय. टाकून देऊ का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, टाकताय कशाला? लोखंड शाबूत आहे, कडेचं पाणी उतरलंय. मशीन फिरायला लागली की आपण ठिणग्या बघत उभे राहतो. बघायची असते ती पात्याची कड. तिथं लोखंड इतकं पातळ असतं की कोरड्या चाकावर दोन-तीन सेकंदांत तापतं. आधी गवती पिवळा रंग येतो, मग तपकिरी, जांभळा, आणि पाठोपाठ मोरपंखी निळा. निळा म्हणजे साधारण ३०० अंश सेल्सिअस. लोहारानं पाणी पाजून, म्हणजे लाल तापवून एकदम गार करून, आणलेला कडकपणा तेवढ्या पट्टीतून गेला, आणि नुसतं गार केल्यानं तो परत येत नाही. वर धारवाला पॉलिश मारून रंग घालवतो. रंग जातो, मऊपणा राहतो.

खात्री करायची तर बारीक कानस घ्या. मुठीजवळ, जिथं चाक पोचलेलं नाही, तिथं हलकेच फिरवा, मग कडेवर फिरवा. मुठीजवळ घसरली आणि कडेवर चावली, तर मी म्हणतो तेच झालंय.

बिघाड बहुतेक वेळा कडेच्या मिलिमीटरभरातच असतो, त्याच्या मागे जुनं कडक लोखंड तसंच असतं. हार्डवेअरच्या दुकानातून भरड-बारीक असा दुहेरी धारेचा दगड आणा. पाणी घालत भरड बाजूवर कड मागे न्या. दोन-तीन संध्याकाळी जातील, घाई नको. पातं ४ सेंमी रुंद असेल तर पाठ दगडापासून १ सेंमी वर धरा, म्हणजे १५ अंशांच्या जवळपास कोन पडतो. कड मागे गेली की तिच्यामागचा भाग जाड राहतो, म्हणून पात्याच्या गालांवरूनही घासा. नाहीतर धार बोटाला लागेल, पण कांदा कापायच्या ऐवजी फटकन उकलेल. कापतो तो पातळपणा; पाणी फक्त तो किती दिवस टिकेल ते ठरवतं.

आणि कोणी 'पुन्हा भट्टीत घालून देतो' म्हणालं तर नको म्हणा. मिलिमीटरभराच्या दुखण्यासाठी अख्खी सुरी वाकवून घ्याल.

प्रश्न : गावातल्या लोहाराकडून ट्रकच्या पाट्याची (स्प्रिंगच्या पट्टीची) मटणाची सुरी करून घेतोय. पाणी कशात पाजायला सांगू?
— एक वाचक, बोरामणी

उत्तर : तेलात. मी गिरणीच्या टूलरूममध्ये शिकाऊ होतो तेव्हा असंच पाट्याचं पातं केलं आणि लालबुंद असताना थेट बादलीत बुडवलं. बादलीतून 'टिक्' एवढाच आवाज आला. बाहेर काढलं तर पाठीपासून कडेपर्यंत केसाएवढी चीर. मिस्त्रींनी ते ऐरणीवर आपटलं, दोन्ही तुकडे माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "घरी दाखव." पाट्याचं पोलाद पाण्यात फार झटक्यात गार होतं, ते त्याला सोसत नाही.

लोहारदादांना तीन गोष्टी सांगा. कड आधीच पातळ करू नका, १ मिमी जाड ठेवा. उरलेली जाडी पाणी पाजून झाल्यावर, पात्याला बोट लावून चटका बसायच्या आत बुडवत बुडवत घासा. तापवायचं सावलीत, सोलापूरच्या उन्हात लाल रंग कोणालाच कळत नाही. चुंबक चिकटायचं थांबलं (साधारण ७७० अंश) की आणखी जरासं तापवून तेलात.

तेलातून निघालेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. घरी ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) असेल तर लगेच २०० अंशांवर तासभर ठेवा, गार करा, पुन्हा तासभर. हाडावर घाव घालणार असाल तर २३० ठेवा. धार थोडी लवकर जाईल, पण तुकडा उडणार नाही.

तेल तळणाचं उरलेलं चालतं, फक्त हाताला चांगलं गरम लागेल इतकं, ६० अंशांपर्यंत, तापवून घ्या. ताजं शेंगतेल चटणीला राहू द्या.