वाचकांचे प्रश्न : जुना वाडा, नवे बिऱ्हाड

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे जुन्या, मोठ्या घरात नव्याने राहायला गेलेल्या कुटुंबांची आहेत. प्रश्न वेगवेगळे असले तरी विषय एकच असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही नुकतेच एका जुन्या वाड्यात राहायला आलो. वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या दोन खोल्यांमधली भिंत ठोकली की पोकळ आवाज येतो, आणि बाहेरून दिसणारी एक खिडकी आतून कुठेच सापडत नाही. मुलांची खात्री आहे की तिथे गुप्त खोली आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की, ज्यांनी बुजवली त्यांनी काही विचार करूनच बुजवली असेल. भिंत फोडून पाहावी का?

उत्तर : पहारीच्या आधी मोजपट्टी हातात घ्यावी. त्या मजल्यावरच्या सर्व खोल्यांची आतली लांबी आणि भिंतींची जाडी यांची बेरीज करून ती बाहेरच्या लांबीशी ताडून पाहा. जुन्या भिंती दोन-दोन फूट किंवा त्याहूनही जाड असू शकतात, त्यामुळे ‘हरवलेली’ जागा पुष्कळदा भिंतीच्या पोटातच सापडते. उरलेली फट हातभर रुंदीची असेल, तर तिथून एखादे बंद पडलेले धुराडे वर गेलेले असण्याचा संभव अधिक. माणूस उभा राहील एवढी जागा उरली, तरच मुलांचा तर्क विचारात घ्यावा.

बाहेरून दिसणाऱ्या खिडकीमागे दरवेळी खोली असतेच असे नाही. दर्शनी भागाचा तोल साधण्यासाठी मुळातच आंधळी खिडकी काढण्याची पद्धत अनेक ठिकाणी होती. इंग्लंडमध्ये 1696 पासून 1851 पर्यंत घराच्या खिडक्या मोजून कर घेतला जाई, आणि तो वाचवण्यासाठी लोकांनी धडधाकट खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या. आज त्या पाहणाऱ्याला त्यामागे काहीतरी भयंकर घडले असावे असे वाटते, प्रत्यक्षात कारण निव्वळ हिशेबाचे होते. भावाभावांच्या वाटणीत दार चिणून टाकलेले असणे हेही तितकेच साधे कारण आहे, आणि जुन्या खरेदीखताला जोडलेल्या नकाशात ते बहुधा उमगते.

खरोखरीच्या गुप्त खोल्याही असतात, हे मात्र मुलांना सांगायला हरकत नाही. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात कॅथलिक धर्मगुरूंना इंग्लंडमध्ये वावरायला बंदी होती. त्यांना लपवण्यासाठी निकोलस ओवेन नावाच्या सुताराने अनेक मोठ्या घरांत जिन्याखाली आणि भिंतींच्या पोटात जागा करून ठेवल्या. 1606 मध्ये टॉवर ऑफ लंडनमध्ये छळ सोसून तो मेला, पण त्याने त्या जागा सांगितल्या नाहीत. त्यांचा शोध घेणारे अधिकारीही आतली आणि बाहेरची मापेच ताडून पाहत असत.

मोजणीनंतरही शंका उरली, तर ती भिंत वरचा भार पेलते आहे का, हे आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. त्याने होकार दिला की दोन विटांमधल्या दर्जेत बोटभर भोक पाडून नळीचा कॅमेरा आत सोडावा. मोबाईलला जोडता येणारे असे कॅमेरे आता सहज मिळतात. जुना रंग मात्र कोरडा घासू नये. अमेरिकेत घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगावर 1978 मध्ये बंदी आली, यावरून त्याआधीच्या थरांबद्दल किती सावध असावे ते कळते. त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय करते. सासूबाईंचा सल्ला तुम्ही वेगळ्या कारणासाठी का होईना, पण तूर्त मानावा.

प्रश्न : नव्या (म्हणजे खूप जुन्या) घरात आल्यापासून रात्री जिन्यावर पावलांसारखा आवाज येतो. थंडी सुरू झाल्यावर आईला छातीवर कोणी बसल्यासारखे वाटू लागले. दिवसभर घरी असणारी आई आणि धाकटी मुलगी यांचे डोके सतत दुखते. नोकरीवर जाणाऱ्या आम्हा दोघांना तेवढा त्रास नाही. शेजारी घराविषयी नाही नाही त्या गोष्टी सांगतात. घरात गॅसचा जुना गीझर आहे आणि बैठकीच्या खोलीत शेकोटी पेटवतो. घर सोडावे का?

उत्तर : हे पत्र वाचताच गीझर आणि शेकोटी बंद करा, खिडक्या उघडा आणि आई व मुलीला आजच डॉक्टरांकडे न्या. बाकीचे उत्तर त्यानंतर वाचले तरी चालेल.

आवाजाचे कारण सोपे आहे. जिन्याचे लाकूड दिवसा तापून फुगते, रात्री निवते, आणि मग सांधे जागेवर बसताना पायऱ्या एकामागून एक करकरतात. एकामागून एक, म्हणूनच कानाला ती पावले वाटतात. तुळईतून टकटक ऐकू येत असेल तर तो लाकूड पोखरणारा भुंगेराही असू शकतो. युरोपातल्या ओकच्या तुळयांमध्ये राहणारा एक भुंगेरा जोडीदाराला बोलावण्यासाठी डोके लाकडावर आपटतो, आणि आजाऱ्याच्या उशाशी जागणाऱ्यांना तो आवाज ऐकू येई म्हणून तिकडे त्याला मृत्यूची वर्दी समजत. तुळईखाली काळा कागद पसरून ठेवा. आठवड्याने त्यावर फिकट, ताजा भुगा दिसला, तर पोखरणे चालू आहे असे समजावे.

चिंता आहे ती डोकेदुखीची. घरात अधिक वेळ असणाऱ्याला अधिक त्रास आणि बाहेर पडणाऱ्याला कमी, हे कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेचे ठळक लक्षण आहे. गॅस किंवा कोळसा अर्धवट जळला आणि धुराडे पक्ष्यांच्या घरट्यांनी वा पडलेल्या विटांनी तुंबलेले असले, की हा वायू घरातच साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. विल्यम विल्मर या अमेरिकी नेत्रतज्ज्ञाने 1921 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात अशाच एका कुटुंबाची हकीकत नोंदवली आहे. मोठ्या जुन्या घरात राहायला गेल्यावर त्यांना पावले ऐकू येऊ लागली, कोणीतरी पाठलाग करते आहे असे वाटू लागले, मुले फिकट पडली आणि कुंड्यांतली झाडेही मलूल झाली. तपासणीत भट्टी बिघडलेली आढळली. तिचा धूर धुराड्यातून वर जाण्याऐवजी घरात पसरत होता.

डॉक्टरांना ही शंका स्पष्ट शब्दांत सांगा. रक्तातील कार्बोक्सीहिमोग्लोबिनची तपासणी लवकर व्हायला हवी, कारण मोकळ्या हवेत गेल्यावर त्याचे प्रमाण उतरत जाते. बोटाला लावायचे साधे ऑक्सिमीटर इथे फसवते. त्याला हा वायू चिकटलेले रक्त ऑक्सिजनने भरलेल्या रक्तासारखेच दिसते, त्यामुळे आकडा उत्तम येतो आणि माणूस गाफील राहतो. गीझर आणि धुराडे जाणकाराकडून दुरुस्त करून घेईपर्यंत दोन्ही वापरू नका, आणि पुढे झोपण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा. घर सोडण्याचा निर्णय हे सगळे झाल्यावर घेता येईल, आणि बहुधा तो घ्यावा लागणार नाही.

हीच खबरदारी तळघराच्या बाबतीतही घ्यावी. वर्षानुवर्षे बंद असलेल्या तळघरात दिवा घेऊन उतरण्याची जुनी युक्ती अपुरी आहे, कारण कित्येक विषारी वायूंत दिवा तेवत राहतो, आणि हवा ज्वालाग्राही असली तर त्याच दिव्याने स्फोट होतो.

प्रश्न : भिंतीतल्या फडताळाची मागची फळी निखळली आणि आत पत्रांचे पुडके मिळाले. घराच्या पूर्वीच्या मालकांच्या कुटुंबात एका मुलाचे जन्मदाते कोण हे लपवले गेले होते, असे त्यातून दिसते. त्या घराण्यातले लोक हयात आहेत. काय करावे?

उत्तर : पुडके सोडवायची घाई करू नका. घडीवर ठिसूळ झालेला कागद जोराने उलगडला तर तिथेच तुटतो. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. कोरड्या पुठ्ठ्याच्या पेटीत, उन्हापासून आणि ओलाव्यापासून दूर ठेवले की तूर्त पुरे.

पत्रातला मजकूर हा वेगळा मुद्दा आहे. घर तुमचे झाले म्हणून त्यातले गुपित तुमचे होत नाही, आणि अनेक देशांच्या कायद्यात पत्राचा कागद ज्याच्याकडे असेल त्याला मजकूर छापण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याची छायाचित्रे गेली असतील तर ती आधी काढायला लावा. ज्या मुलाचा उल्लेख आहे ती व्यक्ती हयात असेल, तर तिच्याविषयीची गोष्ट तिच्या भावंडांना आधी कळणे हा तिच्यावर अन्याय होईल. तुम्हाला घर विकणाऱ्या व्यक्तीला एवढेच कळवावे की, फडताळात तुमच्या घरातली जुनी खासगी पत्रे सापडली आहेत, आम्ही ती कोणाला दाखवलेली नाहीत, ती कोणाच्या हाती द्यावीत ते सांगा. आत काय आहे ते फोनवर विचारले, तरी सांगू नये. पत्रे बंद पाकिटात, समक्ष द्यावीत.