सव्वानऊचा मोह

"रोज जपमाळ म्हणतो, शुक्रवारी उपास धरतो, फादरांपुढे पापनिवेदन चुकवत नाही. तरी सकाळी सव्वानऊ वाजले की हात मोबाईलकडे जातोच. माझा विश्वासच कमी पडतोय का?"

वसईच्या एका छत्तीस वर्षांच्या कॅथलिक गृहस्थांचा हा प्रश्न. ओळख पटू नये इतपत तपशील इथे बदलले आहेत. अंधेरीत नोकरी, घरी आई, बायको आणि दोन मुलं. दारूचं व्यसन नाही, बाहेरची भानगड नाही. नाद होता तो शेअरबाजारातल्या ऑप्शन्सचा, म्हणजे भाव चढेल की उतरेल यावर लावलेल्या अल्पमुदतीच्या सौद्यांचा. चौदा महिन्यांत 4,60,000 रुपये गेले होते: 1,70,000 बचतीचे, 2,00,000 पर्सनल लोनचे, घरखर्च क्रेडिट कार्डावर ढकलून मोकळे केलेले 50,000 आणि बायकोच्या पाटल्या पतपेढीत गहाण ठेवून आणलेले 40,000. पाटल्या कपाटात नाहीत हे बायकोला ठाऊक नव्हतं.

प्रश्न दारूचा असो, मोबाईलवरच्या नको त्या चित्रफितींचा असो की वरकमाईचा, श्रद्धावान माणूस तो बहुतेक वेळा याच शब्दांत विचारतो. आपल्याकडे विश्वास किती आहे हे तो मोजायला बसतो. मोह कधी, कुठे आणि कशावर स्वार होऊन येतो याची नोंद मात्र त्याने कधीच केलेली नसते. म्हणून आम्ही त्यांना आधी सात दिवसांची वही ठेवायला सांगितली. दर वेळी चारच गोष्टी लिहायच्या: वेळ, जागा, त्याआधी काय घडलं, पोटात काय होतं. उपदेश नाही, पश्चात्ताप नाही, नुसती नोंद.

वहीत तेरा नोंदी आल्या. आठ सकाळी नऊ पाच ते नऊ चाळीसमधल्या, म्हणजे बाजार उघडतानाच्या, चालत्या लोकलमधल्या. तीन दुपारी पावणेतीननंतरच्या, बाजार बंद व्हायला अर्धा-पाऊण तास उरलेला असतानाच्या. दोन रात्री अकराच्या, चार्टचे व्हिडिओ पाहतानाच्या. सकाळच्या आठांपैकी सहांच्या आधी टेलिग्रामवरच्या 'टिप' देणाऱ्या चॅनेलचा मेसेज आलेला होता. आणि सगळ्यात जोराची ओढ शुक्रवारची, उपाशी पोटी.

शुक्रवारची नोंद पाहून ते गोंधळले. उपास तर मोहाविरुद्ध धरला होता! पण बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, चौथ्या अध्यायात, क्रम स्पष्ट आहे: चाळीस दिवसांच्या उपासानंतर येशूला भूक लागली आणि मग परीक्षक, म्हणजे सैतान, आला. भुकेलं, अर्धवट झोपलेलं शरीर पटकन वाकतं. प्रभूने ते निभावलं, म्हणून चहाच्या कपावर लोकल पकडणाऱ्याने तीच अट स्वतःवर घालावी असं नाही. त्यांचा उपास बदलला. शुक्रवारी नाश्ता पोटभर करायचा आणि उपास मोबाईल-डेटाचा धरायचा, घर सोडल्यापासून दुपारी चारपर्यंत.

दुसरी अडचण जास्त खोल होती. ते प्रार्थना करत होते, पण कोणती? "देवा, आज एवढा एकच ट्रेड नफ्यात जाऊ दे, मग कायमचं बंद." पहिल्या महिन्यात 6,200 रुपये नफा झाला तेव्हा त्यातला दहावा भाग त्यांनी दानपेटीत टाकला होता. तेव्हापासून हा देवाचाच संकेत आहे असं मनाने घेतलं. मोहाने इथे प्रार्थनेचाच झगा घातला होता. त्याच अध्यायात येशूला मंदिराच्या कंगोऱ्यावरून उडी टाक म्हणणारा सैतानही स्तोत्र 91 चंच वचन पुढे करतो. येशूचं उत्तर आहे बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं (6:16): परमेश्वर तुझा देव ह्याची परीक्षा पाहू नको. स्टॉप-लॉस, म्हणजे ठरावीक तोटा झाला की सौदा आपोआप तोडणारी सूचना, न लावता देवावर भिस्त ठेवणं ही तीच कंगोऱ्यावरची उडी. शेअरबाजाराची नियामक संस्था सेबी, तिचा सप्टेंबर 2024 चा अभ्यास सांगतो की आधीच्या तीन आर्थिक वर्षांत इक्विटी वायदे आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या व्यक्तिगत गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. त्यातही प्रार्थना करणारे थोडेथोडके नसणार.

शेअर घेणं पाप आहे का, हेही त्यांनी विचारलं. नाही. जुगारासारख्या खेळांबद्दलही कॅथलिक धर्मशिक्षण असंच मोजून बोलतं: पैज मुळात अन्याय्य नाही, पण स्वतःच्या किंवा घरच्यांच्या गरजेचा पैसा त्यात जाऊ लागला की ती नीतीला धरून राहत नाही. गहाण पाटल्यांनी हा प्रश्न आधीच निकालात काढला होता.

मग विचार येणं हेच पाप का? या प्रश्नावर पुष्कळ लोक उगीच झिजतात. येशू सर्व प्रकारे आपल्यासारखा पारखला गेला, तरी निष्पाप राहिला, असं बायबलमधलं इब्री लोकांना लिहिलेलं पत्र (4:15) म्हणतं. पारख होणं आणि पडणं या दोन गोष्टी आहेत, हे त्यातच आलं. याकोबाच्या पत्रात (1:14-15) पायऱ्या दिल्या आहेत: वासना ओढते, मग ती गरोदर होते, मग पापाला जन्म देते. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेला एवाग्रियस हा तापस लिहितो की विचार येणं आपल्या हातात नाही, ते रेंगाळू द्यायचे की नाही हे आहे. आमच्या गृहस्थांचं रेंगाळणं कुठे होत होतं? "फक्त भाव बघतो" इथे. भाव पाहिल्यावर सात-आठ मिनिटांत सौदा, असं वहीच सांगत होती. म्हणून लढायची पायरी 'सौदा करू नये' ही नव्हती. 'ॲप उघडू नये' ही होती.

आता दारं बंद करण्याचं काम. उजवा डोळा अडखळवत असेल तर उपटून टाक, हे मत्तय 5:29 चं वचन व्यवहारात असं उतरलं: ब्रोकरकडे एफ अँड ओ (वायदे आणि ऑप्शन्स) सेगमेंट बंद करण्याचा अर्ज, ग्राहकाला ट्रेडिंग खातं स्वतःहून गोठवता येतं, सेबीच्या आदेशाने 2024 मध्ये आलेली ती सोयही वापरली, टिपांची पाचही चॅनेल म्यूट न करता सोडली. म्यूट केलेलं चॅनेल म्हणजे कडी न लावता लोटलेलं दार. पगार आला की हप्त्याची आणि घरखर्चाची रक्कम त्याच दिवशी बायकोच्या खात्यात, आणि स्वतःकडे आठवड्याला 1,500 रुपये.

पण यासाठी बायकोला सांगणं भाग होतं, आणि तिथेच ते अडले. "फादरना सांगितलंय ना." सांगितलं होतं खरं, पण महिन्याच्या दर पहिल्या शुक्रवारी वेगवेगळ्या चर्चमध्ये, वेगवेगळ्या धर्मगुरूंकडे. एकाही फादरांसमोर पूर्ण चित्र कधी आलंच नाही. जेसुइट संघाचा संस्थापक लोयोलाचा संत इग्नाशियस याने मनातल्या प्रेरणा पारखण्याच्या आपल्या तेराव्या नियमात वैऱ्याला, म्हणजे सैतानाला, चोरट्या प्रियकराची उपमा दिली आहे: मुलीने बापाला किंवा बायकोने नवऱ्याला सांगू नये एवढंच त्याला हवं असतं, कारण उघड झालं की डाव मोडतो. पापनिवेदनातली गोष्ट धर्मगुरू कोणालाही सांगू शकत नाहीत, तो त्या संस्काराचा पायाच आहे. म्हणूनच पतपेढीतल्या पाटल्यांची गोष्ट बायकोला फादर सांगणार नव्हते. ती नवऱ्यानेच सांगायची. यापुढे धर्मगुरू एकच, हेही ठरलं.

सांगण्याचीही रीत असते. मुलं झोपल्यावर, पण रात्री दहाच्या आत. सगळे आकडे एका कागदावर. 'साधारण' हा शब्द टाळायचा. अर्धं सांगितलं आणि उरलेलं महिन्याने बाहेर आलं तर दुसरा घाव पहिल्यापेक्षा खोल लागतो. आणि त्याच बैठकीत क्षमा मागायची नाही, कारण ती मागितली की समोरच्या माणसाला लगेच द्यावी लागते. बायको नऊ दिवस बोलली नाही. दहाव्या दिवशी तिने कागद मागितला आणि व्याजाप्रमाणे कर्जांचा क्रम लावला: आधी क्रेडिट कार्ड, मग पाटल्या, मग पर्सनल लोन. मेहुणे सगळं एकरकमी फेडायला तयार होते. आम्ही नको म्हटलं. कर्ज एका दिवसात पुसलं की आठवणही पुसते, आणि मोकळी झालेली पत पुन्हा बाजारात जाते. पाटल्या मात्र मेहुण्यांनी सोडवून दिल्या, त्याला कोणाची हरकत नव्हती.

उरली ती नऊ पाच ते नऊ चाळीसची वेळ. ओढ ही लाटेसारखी असते. खतपाणी घातलं नाही तर बहुधा वीस-तीस मिनिटांत तिचा भर ओसरतो. जपमाळेची पाच दशकंही (दशक म्हणजे दहा मण्यांचा गट) साधारण तेवढाच वेळ घेतात, हा योग जुळून आलेला. ठराव असा, शब्दशः: "बोरिवली आली की मोबाईल बॅगेच्या आतल्या कप्प्यात, चेन बंद, माळ हातात." 'मोह झाला तर प्रार्थना करीन' हा ठराव निकामी ठरतो, कारण मोह झाला हे ठरवायचं काम तो मोहात सापडलेल्या मनावरच सोपवतो. स्टेशन वाद घालत नाही.

पहिल्या आठवड्यात हे फसलं, कारण जपमाळ ते मोबाईलच्या ॲपवर म्हणत होते. तिसऱ्या दशकाला बाजाराची बातमी झळकली की संपलं. मग लाकडी मण्यांची माळ आली.

जोडीला एकच वचन पाठ. सैतानाला दिलेली येशूची तिन्ही उत्तरं अनुवादाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली, आखूड आणि आधीपासून तयार होती. हव्वेने सापाशी चर्चा केली आणि चर्चेच्या भरात फळ न खाण्याच्या देवाच्या आज्ञेला 'स्पर्शही करू नका' अशी स्वतःची पुस्तीही जोडली. मोहाशी वाद घालणारा हरतो, कारण वाद चालू असेपर्यंत ॲप उघडंच असतं. या गृहस्थांनी तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं (6:9) वचन निवडलं: जे श्रीमंत होऊ पाहतात ते परीक्षेत आणि सापळ्यात पडतात. 'सापळा' एवढा एकच शब्द त्यांनी पाकिटात लिहून ठेवला.

हिशेबासाठी इग्नाशियसचीच जुनी पद्धत घेतली. दिवसाला दोन रेघा, एक दुपारच्या जेवणापर्यंतची, दुसरी रात्रीपर्यंतची. हात बाजाराकडे वळला की एक ठिपका. रात्री दुसऱ्या रेघेची पहिलीशी तुलना, रविवारी या आठवड्याची मागच्याशी. चार आठवड्यांचे ठिपके असे आले: 34, 29, 31, 17. तिसऱ्या आठवड्यात वाढले, कारण दोन दिवस सुट्टी होती आणि माणूस रिकामा होता. झाडलेलं, पण रिकामं घर पाहून अशुद्ध आत्मा आणखी सात जणांना घेऊन परततो, हे मत्तय 12:43-45 मधलं चित्र इथे नेमकं बसतं. नुसतं बंद करून भागत नाही. संध्याकाळी मुलाला गणित शिकवणं आणि शनिवारी वाडीतल्या केळींना पाणी सोडणं ही दोन कामं त्यांच्या नावावर लागली. चर्चच्या सणाचं खजिनदारपद चालून आलं होतं, तेही भक्तीची सेवा म्हणून. त्याला नाही म्हणायला लावलं. रोख पैसा हातात येणारी सेवा पहिली दोन वर्षं नको.

सहाव्या आठवड्यात ते पडले. दुसऱ्या ब्रोकरकडे नवं खातं उघडलं आणि तीन दिवसांत 18,000 घालवले. पैकी पहिल्या दिवशीचा तोटा फक्त 2,500 होता, बाकीचा 'आता गेलंच आहे तर' या वाक्याचा. ॲलन मार्लट या मानसशास्त्रज्ञाने व्यसनांच्या संदर्भात हेच दाखवलं आहे: एका घसरणीनंतर माणूस 'मी असाच' असं ठरवून टाकतो आणि खरं नुकसान त्यानंतर होतं. भाविक माणसात याला धार्मिक फोडणी मिळते. "मी अपवित्र झालो, आता जपमाळ कुठल्या तोंडाने म्हणू?" आणि माळ सुटली की नऊ पाचची वेळ पुन्हा मोकळी. म्हणून पडल्यानंतरच्या दिवसाचा ठरावही आधीच लिहून ठेवावा लागतो: रात्री दहाच्या आत बायकोला आकडा सांगायचा, खातं बंद करायचं, तोटा भरून काढायचा प्रयत्न करायचा नाही, दुसऱ्या दिवशी बोरिवलीला माळ हातात. पापनिवेदन त्या आठवड्यात, त्याच फादरांकडे.

एक गोष्ट मात्र पहिल्याच भेटीत विचारावी लागते, आणि या प्रकरणातही विचारली: कर्जापायी जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का? येत असतील तर माळ आणि ठिपके नंतर. आधी मानसोपचारतज्ज्ञ, आणि रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक. तो फोन लावणं हा अविश्वास नाही. जुगाराची विकृती हा वैद्यकशास्त्राने मान्य केलेला आजार आहे.

या घडीला अकरा महिने झाले आहेत. कार्ड फिटलं, पर्सनल लोनचे 1,10,000 बाकी आहेत. ठिपके आठवड्याला दोन-तीनवर आले आहेत, शून्य झालेले नाहीत. 'माझा विश्वास कमी आहे का' हे त्यांनी मधल्या काळात पुन्हा विचारलं नाही. परवा विचारलं ते वेगळंच: कंपनी त्यांची शिफ्ट बदलून दुपारची करते आहे, म्हणजे सव्वानऊला ते घरीच असणार, लोकल नाही आणि बोरिवलीही नाही. नव्या वेळेची सात दिवसांची वही सोमवारपासून सुरू होते आहे.