बीएसए एम२०चा जुना मालक शोधायचाय? आधी रंगकाम थांबवा

भावा, कागलच्या वाड्यात सापडलेल्या तुझ्या बीएसए एम२० मोटरसायकलचे फोटो बघितले, नाद खुळा गाडी हाय. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर जुळत नाहीत म्हणजे जोडतोड केलीय का असं विचारलंयस, तर तसं काही नाही, त्या काळात बीएसए दोन्ही नंबर वेगवेगळेच मारायची. इंजिन नंबर डब्ल्यूएम२०नं सुरू होत असेल तर गाडी दुसऱ्या महायुद्धातली, लष्करासाठी बनवलेली. कारखान्यातनं ती कधी बाहेर पडली ते इंग्लंडचा व्हिंटेज मोटर सायकल क्लब जुन्या रजिस्टरवरनं सांगतो, फी घेतात. पण कागलमध्ये ती कुणी फिरवली हे तिथं कसं कळणार, ते इथंच हुडकायचं.

म्हणून पुढच्या आठवड्यात पेंटरकडं टाकतोय म्हणतोस ते आधी थांबव. टाकीचा तळ, टूलबॉक्सची आतली बाजू आणि मुख्य म्हणजे नंबरप्लेट, इथं ओला पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरव, रंगाचा एकेक थर वर येईल. कोल्हापूरचं एमएच ०९ काय १९८९ नंतरचं, त्यातनं काही कळत नाही. त्याच्याखाली बीएमवाला नंबर निघाला तर मुंबई राज्याच्या काळातला, आणि एमवाय निघालं तर म्हैसूरचा, कारण १९५६ ला बेळगाव तिकडं गेलं, मग चौकशी निपाणी-बेळगाव बाजूला करायची.

माझ्या जावा मोटरसायकलला एका बाजूला लोखंडी पट्टीचं विचित्र कॅरियर वेल्डिंग केलेलं होतं, दुधाच्या कॅनला अरुंद आणि पोत्याला उथळ, आणि सगळे म्हणत होते काप ते, शो जातोय. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या टर्नरनं पट्टीचा वाक बघितला आणि म्हणाला, "हे आमच्या वस्तादाचं काम, यात पिक्चरच्या रिळांची पेटी बसायची." मालक तंबू टॉकीजवाला होता, जत्रेच्या गावांना पेट्या पोचवायचा. आरसी बुकात पत्ता नुसता 'मंगळवार पेठ', घर नंबर पण नाही, पण तंबूवाला म्हटल्यावर तिथल्या तालमीत दोन मिनिटात घर सांगितलं (आणि चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही ते वेगळं). त्यामुळं जादाची भोकं, वेल्डिंग, ठिगळं काहीही काढू नको, कंपनीनं न बसवलेलं जे काय असेल तेच मालकाबद्दल बोलतं.

आरसी बुक जुनं असेल तर ट्रान्सफरची सगळी पानं स्कॅन करून ठेव, स्मार्ट कार्डावर मागचे मालक येत नाहीत. २०२१ च्या नियमानं पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हीए सिरीज (विंटेज गाड्यांचा वेगळा नंबर) मिळते खरी, पण आधीच रजिस्टर असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, एजंट काहीही सांगू दे, नंबर सोडू नको.

आणि मालकाचं घर सापडलंच तर गाडी घेऊनच जा, चालू नसली तर टेम्पोत टाकून ने. नुसत्या फोटोवर लोक "होती बहुतेक" एवढंच म्हणतात. किंमत मात्र कुणी विचारली तरी सांगू नको, एकदा आकडा निघाला की आठवणी बाजूला राहतात आणि वाटणीचं सुरू होतं.