मीटर म्हणतो ६५, गणित म्हणतं ८८०

प्रश्न : ६० वॅटचा तारेचा जुना बल्ब मल्टिमीटरला लावला तर रोध ६५ ओहम दाखवला. त्या हिशेबाने २३० व्होल्टला साडेतीन अँपिअर करंट जाईल आणि शक्ती ८०० वॅटच्या वर भरेल. बल्बवर तर ६० लिहिलंय. मीटर बिघडलाय, की माझं गणित चुकलंय?

उत्तर : मीटर ठीक आहे, गणितही ठीक आहे. आता तेच उलट बाजूने करून बघा. शक्ती म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. ६० ला २३० ने भागलं की करंट ०.२६ अँपिअर येतो. रोध म्हणजे व्होल्टेज भागिले करंट, म्हणजे साधारण ८८० ओहम. तुमच्या ६५ च्या तेरापटीहून जास्त.

रोध मोजताना मल्टिमीटर स्वतःच्या बॅटरीतून जेमतेम करंट सोडतो, त्यामुळे तार गारच राहते. बल्ब पेटला की टंगस्टनची तीच तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. धातू तापला की त्यातल्या अणूंची थरथर वाढते, इलेक्ट्रॉनांची वाट अडते आणि रोध चढतो. तुमचे साडेतीन अँपिअरही खरेच आहेत, पण ते बटण दाबतानाच्या क्षणापुरते. तार तापली की करंट लगेच उतरतो. असे बल्ब बहुतेकदा बटण दाबतानाच उडतात, ते यामुळेच. झिजून बारीक झालेल्या जागी तो पहिला झटका सोसवत नाही.

मी अनेक वर्षं मुलांकडून हा प्रयोग करून घेतला, १२ व्होल्ट, ५ वॅटच्या छोट्या बल्बवर. १२ व्होल्टला ०.४२ अँपिअर यायचा. ६ व्होल्टला निम्मा, ०.२१ यायला हवा असं मुलं धरून चालायची. मीटरवर दिसायचा ०.२८ च्या आसपास. मग वहीत ०.२८ खोडून ०.२१ लिहिलेलं असायचं, आलेखाची रेघ सरळ यावी म्हणून. ते बघून मला फार वाईट वाटायचं. प्रयोगात शिकण्यासारखं जे होतं, ते नेमकं त्या खोडलेल्या आकड्यात होतं! १२ व्होल्टला रोध २८.६ ओहम, ६ व्होल्टला २१.४. व्होल्टेज निम्मं केलं तर शक्ती पाव न होता एक तृतीयांश उरते. जर्मन शास्त्रज्ञ ओहमने १८२७ साली मांडलेला नियम, म्हणजे व्होल्टेजच्या प्रमाणात करंट, तापमान कायम असताना लागू पडतो, आणि ती अट इथे मोडलेली असते.

हीटरच्या कॉइलला हा त्रास फारसा नाही. ती नायक्रोम या मिश्रधातूची असते आणि तापल्यावर तिचा रोध थोडाच वाढतो. १००० वॅटची कॉइल हिशेबाने ५३ ओहम, गार असताना मोजली तरी त्याच्या जवळपासच. पंख्याच्या मोटरला मात्र ही रीत लावू नका. तिथे मीटर फक्त तांब्याच्या तारेचा रोध सांगतो. फिरती मोटर करंटला आणखी वेगळा विरोध करते.

चालू उपकरणाचा रोध हवा असेल तर व्होल्टेज आणि करंट एकाच वेळी, ते चालू असतानाच मोजा. पण घरच्या २३० व्होल्टवर हे करू नका, आणि ओहमवर ठेवलेला मीटर चालू सर्किटला कधीही लावू नका. १२ व्होल्टचा बल्ब आणि व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा पुरवठा घ्या. अँमीटर एकसरीत, व्होल्टमीटर बल्बच्या दोन टोकांना. १ व्होल्टपासून सुरुवात करा आणि जो आकडा दिसेल तोच लिहा.